ओटीभर पाला

वहीत मी लिहून घेतलं होतं:
कणीक अर्धा किलो,
तेल कॉफीच्या कपाने दोन,
पाला एक ओटी.

"कुणाची ओटी?" मी विचारलं.
येवदोकिया माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी विचारलं होतं,
कुणाचा मंगळवार.

हानियाच्या बंदराकडून चढ चढून आलं
की चांभाराला लागून आमची भट्टी.
हिरव्या पाल्याचे कानवले,
एवढंच विकतो, दुपारपर्यंत संपतात.
यंदा सासूबाईंचे गुडघे
पहाटे तीनला उठायला नाही म्हणाले
आणि फात्मिरला आकडे लागतात.
तो अल्बानियाच्या डोंगरातला, पंजा फावड्याएवढा.
त्याची एक मूठ म्हणजे तिच्या अडीच.
त्याने चिमूटभर घातलेलं मीठ
दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिलं.

मापात पाप नको, म्हणून काटा घेतला.

आधी कप घेऊन बसले.
चिरलेला पाला वरून नुसता सोडला: तीस ग्रॅम.
बोटांनी चेपला: पंचेचाळीस.
फात्मिरने चेपला: सत्तर,
आणि कपाला तडा.

मग तिचाच एप्रन मागून घेतला,
टोकं कमरेला खोचली.
ऑलिव्हच्या झाडांखाली ती स्टुलावर बसून
काठीने दाखवत गेली:
ती बडीशेपेची पिसं घे, तो चुका,
खसखशीची कोवळी पानं, कळी धरायच्या आतली,
पाथरी घे, पण मुळाला हात लावू नकोस,
ती पुढच्या वर्षीची आहे.

सोमवारी दव होतं.
एप्रनसकट काट्यावर ठेवलं:
एक किलो, एकशे वीस.
गुरुवारी समुद्रापलीकडून, वाळवंटातून
तो लाल धुळीचा वारा आला.
तोच एप्रन, तोच फुगा,
सातशे ऐंशी.

"ओटी भरली होती ना?" ती म्हणाली.
भरली होती.
"मग?"

तिने एप्रनची कड उलटी करून दाखवली.
उसवलेल्या टाक्यांची भोकं, तीन रांगा.
ही आईची शिवण.
पीठ मिळत नव्हतं त्या साली
पाल्यावर भागवायचं, तेव्हा दोन बोटं सैल केली.
आणि ही दुमड?
ही तुझ्या नवऱ्याची.
सिफिस लहानपणी हिरवं काही खात नसे,
म्हणून जरा आत घेतलं.
नंतर खायला लागला,
पण उसवायचं राहून गेलं.

म्हणजे चाळीस वर्षं हानियाची माणसं
माझ्या नवऱ्याच्या रुसव्याएवढा
कमी पाला खात आली.

मीठ लावून ठेवला, पाणी सुटू दिलं,
मग पिळला.
सोमवारचा पाचशे चाळीस.
गुरुवारचा पाचशे वीस.
मी ओरडलेच. सापडलं होतं:
दव गेलं, वारा गेला,
उरला तो पाला.
वहीत ठळक लिहिलं,
पिळून पाचशे तीस.

शुक्रवारी फात्मिरने पिळला.
चारशे साठ,
आणि परातीत हिरवं तळं.

तेही लिहिलं त्याखाली,
त्याच्या नावासकट.
तो लाजला. म्हणाला, हळू पिळेन.
हळू म्हणजे किती, ते काटा सांगत नाही.
येवदोकियाने त्याचा पंजा धरला,
त्यात पाला ठेवला, वर स्वतःची बोटं,
आणि दाबलं.
बस. इथवर.

संध्याकाळी एप्रन धुऊन, वाळवून
तिला परत द्यायला गेले.
"रिकामा किती भरतो?" तिने विचारलं.

ठेवला काट्यावर.
दोनशे दहा.

कच्च्या पाल्याच्या प्रत्येक आकड्यात
तो होताच की, शिवणींसकट.
वजा करायचं मला सुचलंच नव्हतं.
पेन घेतलं, टोपण काढलं,
आणि मग तसंच राहू दिलं.